माचू पिक्चू: गडावर गेलं की आधी पाणी बघावं

माचू पिक्चू म्हणजे पेरू देशात इन्का लोकांनी डोंगरकड्यावर बांधलेलं जुनं दगडी नगर. त्याच्या पायथ्याशी आग्वास कालिएन्तेस नावाचं गाव आहे. कुस्को शहराहून तिथपर्यंत मोटाररस्ता नाही. रेल्वेने जायचं, नाहीतर शेवटी पायपीट करायची. मी आणि माझा मावसभाऊ कुस्कोत मुक्कामाला होतो, म्हणून आम्ही एका दिवसाची सहल घेतली. पहाटे हॉटेलवरून व्हॅन, ओयान्तायताम्बोहून ट्रेन, वर जायला बस, सोबत गाइड आणि रात्री त्याच वाटेने परत.

कुस्को साधारण 3,400 मीटरवर आहे. दोन जिने चढले तरी धाप लागते. हॉटेलवाले कोकाच्या पानांचा चहा पुढे करतात. चवीचं फार कौतुक करण्यासारखं काही नाही, पण सगळेच पितात, म्हणून आपणही प्यायचा. गंमत म्हणजे माचू पिक्चू याहून जवळजवळ हजार मीटर खाली, 2,430 मीटरवर आहे. आयुष्यभर गड चढत आलेल्या माणसाला गड बघायला खाली उतरायचं, हे पचायला जरा वेळ लागतो.

रेल्वेचा रूळ 914 मिलिमीटरचा, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा रुंद आणि आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जरा अरुंद. डब्याच्या छतालाही काचा. गाडी उरुबाम्बा नदीचा काठ धरून निवांत जाते. जाताना डावीकडची जागा मिळाली तर नदी खिडकीशीच असते. सुरुवातीला कोरडे, उघडेबोडके डोंगर, मधूनच एखादं बर्फाचं शिखर आणि खाली मका-बटाट्याची शेतं. बटाटा याच अँडीजमधला. शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. आमच्या आजीची एकादशीची खिचडी जवळपास सगळी इथून आली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता! तासाभरात बाहेरचा रंग पालटतो. झाडी दाट होत जाते, फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड लोंबायला लागतात.

रेल्वेच्या 82 किलोमीटरच्या खुणेशी इन्का ट्रेलवाले दिसले. माचू पिक्चूपर्यंत चालत जायची चार दिवसांची ती वाट, रोज पाचशेच परवाने, त्यातही हमाल आणि गाइड धरून. मावसभाऊ खिडकीला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याची समजूत काढायला मी दुपारच्या जेवणाचा विषय काढला.

गाइडने सांगितलेली एक गोष्ट मला दिवसभर पुरली. जानेवारी 2010 मध्ये नदीला मोठा पूर आला, रूळ जागोजागी वाहून गेले आणि हजारो पर्यटक खालच्या गावात अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. वरच्या अवशेषांना मात्र काही झालं नाही.

गावातून बस नागमोडी वळणं घेत अर्ध्या तासात दाराशी सोडते. तिकिटावर नाव आणि वेळ असते आणि पासपोर्ट दाखवावाच लागतो. स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे, आत नाही. बाहेर पडलात की पुन्हा आत घेत नाहीत. तेव्हा चहा बेताने प्यावा.

नोव्हेंबर संपत आला होता. आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं आणि पाऊस लागलेला. फोटोतलं माचू पिक्चू अजिबात दिसत नव्हतं. सोबतचे लोक हिरमुसले. मावसभाऊ मात्र जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "ताई, डबकं कुठेच नाही बघ."

खरंच नव्हतं. एवढं मोठं मैदान, त्यावर लामा चरताहेत, तासभर पाऊस कोसळतोय आणि पाणी साचलेलं नाही. गाइडला विचारलं तर ती खुलली. रोज सगळे सूर्यमंदिराचंच विचारत असावेत. या कड्यावर वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने कमी, पण दोन्ही बाजूंना खोल दरी आणि खाली भेगाळलेला ग्रॅनाइट. नुसती माती टाकून बांधलं असतं तर सगळं केव्हाच नदीत गेलं असतं. म्हणून पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत वर सुपीक माती, खाली वाळू आणि बारीक खडी, त्याखाली मोठे दगड. मैदानाखाली तर दगड घडवताना निघालेल्या कपच्यांचा जाड थर आहे. भिंतींत पाणी बाहेर पडायला शंभराहून जास्त भोकं ठेवलेली आहेत. केनेथ राइट या अमेरिकन जलअभियंत्याने इथे वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्याच्या अंदाजाने या बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीखाली आहे. आपण ज्याचे फोटो काढतो तो उरलेला.

पिण्याचं पाणीही असंच विचारपूर्वक आणलेलं. डोंगराच्या उतारावरच्या झऱ्यापासून 749 मीटरचा दगडी पाट आणि मग एकाखाली एक सोळा कुंडं. पहिलं कुंड राजाच्या निवासाला लागून, म्हणजे सगळ्यात स्वच्छ पाणी कोणाला हे उघडच आहे. पंधराव्या शतकात पाचाकुती या इन्का सम्राटाने हे वसवलं असं मानतात. लोखंडी अवजार नाही, चाकाची गाडी नाही. सह्याद्रीत मी टाक्यांपुढे तासन्‌तास रेंगाळलेय. त्या टाक्या पाणी साठवतात. इथे सगळी करामत पाणी घालवण्याची होती.

हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने 1911 साली हे 'शोधलं' ही कथा गाइडने भराभर उरकली आणि ते बरंच झालं. तो आला तेव्हा इथल्या पायऱ्यांवर शेतकरी कुटुंबं पिकं काढत होती आणि एका स्थानिक मुलानेच त्याला अवशेष दाखवले. त्याने इथून अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू शंभर वर्षांनी परत आल्या. त्या आता कुस्कोत पाहता येतात. इन्तिवाताना नावाच्या कोरीव दगडाचा टवका मात्र 2000 साली बिअरच्या जाहिरातीचं चित्रीकरण करताना क्रेन पडून उडाला. पावसाने जे केलं नाही ते जाहिरातवाल्यांनी केलं.

निघायच्या सुमारास दहाएक मिनिटं धुकं फाटलं आणि अवशेषांमागचा वायना पिक्चूचा सुळका दिसला. सगळ्यांनी धावाधाव करून फोटो काढले, आम्हीही.

परतीच्या गाडीत कर्मचाऱ्यांनी आधी मुखवट्याचा नाच केला आणि मग अल्पाकाच्या लोकरीच्या स्वेटरांचा फॅशन शो. भिजून, दमून बसलेल्या माणसांपुढे हे कोणाला सुचलं असेल? तरी समोरच्या काकूंनी दोन शाली घेतल्या.

एका दिवसात होतं का? होतं, पण वर जेमतेम अडीच-तीन तास मिळतात. जमलं तर खालच्या गावात रात्र काढावी आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी. तिथल्या पावसाळ्यात जाणार असाल तर रेनकोट न्या. छत्री आत नेऊ देत नाहीत.