रॅमचा स्लॉट मोडला तेव्हा

संगणकाच्या कॅबिनेटमधली धूळ साफ करायला बसलो होतो, दुसरं काही नाही. रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, दोन्ही ८ जीबी स्टिक काढून पुसाव्यात एवढाच बेत. स्लॉटची वरची क्लिप उघडली, खालची ग्राफिक्स कार्डाच्या आड होती, ती राहून गेली. स्टिक तिरकी ओढली आणि कट्‌! क्लिपचा तुकडा हातात.

सगळं परत बसवून बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. मदरबोर्डवरचा, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवरचा, रॅममध्ये बिघाड दाखवणारा छोटा दिवा पेटून राहिला. मी लगेच मोडक्या क्लिपला दोष दिला, पण क्लिपचं काम फक्त स्टिक धरून ठेवायचं. विजेशी तिचा काही संबंध नाही. स्टिक बोटाने घट्ट दाबून पाहिलं तरी तेच.

मग एक एक स्टिक घेऊन प्रत्येक स्लॉटमध्ये लावून पाहिली, दर वेळी वायर काढून. कंटाळवाणं काम, पण निकाल स्वच्छ लागला: दोन्ही स्टिक ठणठणीत, प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट, म्हणजे ए२, तेवढा बंद. खरं तर तिथेही घाई नको. रॅमशी बोलणारा भाग, मेमरी कंट्रोलर, प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे प्रोसेसरच्या सॉकेटातली एखादी पिन वाकली तरी स्लॉट मेल्यासारखा दिसतो. पण मी प्रोसेसरला हात लावला नव्हता, म्हणून आधी टॉर्च घेऊन स्लॉटमध्ये डोकावलो. माझी रॅम डीडीआर४ प्रकारची, तिच्या स्लॉटमधल्या २८८ संपर्कांपैकी एक सोनेरी पाकळी रांग सोडून आडवी झालेली.

इथे शहाणपणा करायला गेलो. सुईने सरळ करताना ती तुटलीच. तुकडा चिमट्याने काढून घेतला, आत राहिला असता तर शॉर्ट व्हायची भीती. स्लॉट बदलता येतो का? येतो, पण जुना उपटून नव्याच्या सगळ्या २८८ जोडण्या झाळायच्या. माझ्या हातांचा तो वकूब नाही, हे तर सुईनेच सांगितलं होतं.

चारपैकी उरले तीन स्लॉट. ए आणि बी हे रॅमकडे जाणारे दोन मार्ग, म्हणजे चॅनल, प्रत्येकावर दोन स्लॉट; दोन्ही मार्गांवर एकेक स्टिक असली की ते एकदम चालतात, तेच ड्युअल चॅनल. ए१ आणि बी२ असं लावलं असतं तरी ड्युअल चॅनल मिळालं असतं, पण मी जोडीने ए१ आणि बी१ निवडले. बूट झालं, १६ जीबी दिसली, हुश्श केलं. तास-दोन तासांनी मशीन गोठायला लागलं. माझ्या बोर्डावर प्रत्येक चॅनलच्या तारा आधी पहिल्या स्लॉटला आणि मग दुसऱ्याला जातात. टोकाचा दुसरा रिकामा राहिला की सिग्नल तिथून परतून गोंधळ घालतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, रॅमचा वेग ३२०० वरून २९३३ केला आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपलो. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य.

ए२ वर कागदी टेप चिकटवून ठेवली आहे. पुढच्या साफसफाईला आधी ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं.