कोपऱ्यापर्यंतची थंडी

पहाटेचे सव्वासहा. नाशिकची जानेवारीतली थंडी, गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसावा अशी. आणि आमची अकरावीतली कन्या क्लासला निघालीय अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात. जीन्स घोट्याच्या वरच संपलेली. पायात मोजे आहेत, पण मोजे घातलेत हे कुणाला कळू नये म्हणूनच बनवलेले. हुडी आहे, ती सॅकमध्ये. हीच हुडी मे महिन्यात, पंखा पाचवर ठेवून, दिवस दिवस अंगावरून उतरत नव्हती.

"स्वेटर?"

"नाही गं वाजत थंडी, आई."

थंडी वाजत नव्हती, दात तेवढे वाजत होते.

सासूबाई पांघरुणातूनच म्हणतात, "छातीत कफ होईल." त्यावर उत्तर तयार असतं, "आजी, सर्दी विषाणूमुळे होते, थंडीमुळे नाही." सायन्सला घातलंय ना, ऐका आता. बरं, मुद्दा चुकीचाही नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

माझा भाऊ निफाडकडे द्राक्षं पिकवतो. तिकडे पारा नाशिकपेक्षाही खाली उतरतो. पाच-सहा अंशांवर आला की हा रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबकने विहिरीचं पाणी सोडतो (ते त्यातल्या त्यात कोमट असतं), कारण गारठ्याने मणी तडकतात. दिवसा ऊन, रात्री कडाका, असं झालं की हिरवे मणी गुलाबी पडतात आणि निर्यातीचा माल हातचा जातो. म्हणून एकेका घडाला जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. "एवढ्या घडांना कपडे घालतो मी, एकही कुरकुर करत नाही," असं मला फोनवर ऐकवतो. त्याची पोरं अजून बालवाडीत आहेत. बघू.

माझ्या आईने मला मरून रंगाचा स्वेटर विणला होता, वाढत्या अंगाचा. पहिल्या वर्षी बाह्या दोनदा दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी बरोबर बसायचा, तिसऱ्या वर्षी मनगटं बाहेर. गळा इतका घट्ट की डोकं घालताना कान सोलवटायचे. त्यावर हनुवटीखाली बटण असलेली कानटोपी. ती घालूनच मी घराबाहेर पडायचे, आणि पिठाच्या गिरणीचा कोपरा वळला की टोपी दप्तरात. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर पुन्हा डोक्यावर. दिवसभर टोपीखाली राहिलेले केस असे नीट राहत नाहीत, हे आईला दिसत असणारच. बोलली मात्र कधीच नाही.

काल कन्या गेल्यावर मी गॅलरीतच उभी राहिले. कोपऱ्यावर तिने सायकल थांबवली, मागे वळून वर पाहिलं. मी वाळत घातलेल्या चादरीआड सरकले. तिने सॅक उघडली, हुडी काढली, चढवली, टोपी कपाळापर्यंत ओढली, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत खेचल्या आणि गेली. आम्ही कोपऱ्यावर काढायचो, ही कोपऱ्यावर घालते.

आत आले तर सासूबाई उठून बसल्या होत्या.

"घातलं का गं तिने काही अंगात?"

"कसलं घालतेय," मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवलं.