हिलग्रोव्हला पाण्यासाठी थांबलेली गाडी

निलगिरीचा घाट चढणाऱ्या उटीच्या गाडीत डाव्या खिडकीसाठी भांडणारी माणसंच हिलग्रोव्ह स्टेशनला ती खिडकी सोडून सगळ्यात आधी उतरतात. मेट्टुपालयमहून सकाळी ७.१० ला निघालेली गाडी इथे पाणी भरायला थांबते. चहा असतो, माकडं असतात, फोटोसाठी दरी असते. तरी पाच मिनिटांत अर्धी गाडी इंजिनाभोवती गोळा झालेली दिसते. काठी टेकत आलेले आजोबा, कडेवरचं पोर, गळ्यात हेडफोन अडकवलेला कॉलेजकुमार, सगळे एका रांगेत. इतक्या वयांच्या माणसांना एका जागी खिळवणं भल्या भल्या संग्रहालयांना जमत नाही. इथे ते पाणी भरण्याच्या निमित्ताने आपसूक होतं. मला विचाराल तर ४६ किलोमीटरच्या या प्रवासातलं खरं प्रेक्षणीय स्थळ तेच आहे.

मुळात इंजिन शोधावं लागतं, इथूनच गंमत सुरू होते. मेट्टुपालयमला लोक पोरांना घेऊन गाडीच्या तोंडाशी जातात आणि तिथे नुसता डबा. इंजिन शेपटाला असतं. मुंबई-पुण्याच्या माणसाला खरं तर हे कोडं पडायला नको. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात ती घाटात ढकलायलाच. फरक असा की भोर घाटात पुढेही इंजिन असतं आणि इथे एकच, तेही कायम उताराच्या बाजूला. वर जाताना ते ढकलतं, खाली येताना पुढे राहून गाडी थोपवून धरतं. डबे जोडणारं कपलिंग तुटलंच तर डबे इंजिनावर टेकतात, मोकळे सुटून घाट उतरत नाहीत. अर्थात चढताना ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही. म्हणून सगळ्यात पुढच्या डब्याच्या टोकाला एक ब्रेकमन निशाण घेऊन उभा असतो, आणि मागच्या प्रत्येक डब्यावर एकेक जण हँडब्रेकच्या चाकापाशी. पुढच्याचं निशाण बघून मागच्याने आपलं दाखवायचं, असं करत ते ड्रायव्हरपर्यंत पोचतं. लहान मुलांना हा खेळ लगेच कळतो. मोठी माणसं तोवर बॅगा लावत असतात.

भवानी नदी ओलांडून सुपारीच्या बागांमधून पहिले ८ किलोमीटर गाडी इतर कुठल्याही गाडीसारखी चालते. कल्लार आलं की तिची जात बदलते. इथून कुन्नूरपर्यंत साधारण दर साडेबारा मीटरमागे एक मीटर चढ आहे. माथेरानचा सर्वांत कडक चढ विसाला एक, आणि तिथे नुसत्या चाकांच्या पकडीवर निभावून जातं. इथे ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी गरगरतील. म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. आब्ट पद्धतीच्या या पट्ट्या जोडीने असतात. एकीचा दात जिथे, तिथे दुसरीची खाच. त्यामुळे एक दात सुटायच्या आत दुसऱ्याने चाक धरलेलं असतं आणि गचके कमी बसतात. मुलांना सांगायचं असेल तर सायकलची साखळी सरळ करून जमिनीला खिळून टाकली आहे असं सांगावं. मग चाकाला साखळी ओढता येत नाही, त्याला स्वतःलाच पुढे जावं लागतं.

आता साध्या रुळावरून येणारं दातेरी चाक नेमकं खाचेत कसं पडतं? दात दातावर चढला तर? यासाठी पट्टीचा अगदी सुरुवातीचा तुकडा स्प्रिंगवर ठेवलेला असतो. गाडी माणसाच्या चालीने येते, दातावर दात आला की तुकडा दबतो, आणि खाच सापडली की वर उठतो. डब्यात कळतं ते एवढंच की बुडाखालून खर्रर्र असा आवाज येतो आणि मग ताल बदलतो. नेमका त्याच वेळी अख्खा डबा एकमेकांना सँडविच वाटत असतो, याचा मला दर वेळी राग येतो. पुढे बोगद्यात शिरलं की हेच लोक जीव खाऊन किंचाळतात. बोगदे १६ आहेत. पहिल्या दोघातिघांपर्यंत मजा असते.

तर हिलग्रोव्ह. समुद्रसपाटीपासून साधारण १,१०० मीटर. गाडी ताशी जेमतेम १३ किलोमीटरच्या वेगाने इथवर आलेली असते. टाकीत पाण्याची सोंड सोडली जाते. तेवढ्यात कुणी तेलाची बुधली घेऊन सांध्यासांध्यात तेल घालत फिरतो आणि तळहाताची मागची बाजू बेअरिंगला लावून बघतो. हात चटकला तर समजायचं की तिथे तेल पोचत नाहीये. वाफेचं इंजिन वापरलेली वाफ धुराड्यातून सोडून देतं, म्हणून पाणी इतक्यांदा लागतं. आणि टाकी मोठी करावी तर तेवढंच वजन चढवत न्यायचं.

इंजिनाच्या बाजूला उभं राहून मोजा. सिलिंडर एका बाजूला एक नाही, एकावर एक असे दोन आहेत, म्हणजे एकूण चार. खालची जोडी नेहमीची चाकं फिरवते, वरची जोडी दातेरी चाकं. बॉयलरची ताजी वाफ आधी खालच्या जोडीत जाते आणि तिथून निघालेली, दाब उतरलेली वाफ वरच्या जोडीत. रसवंतीवाला चिपाड दुमडून पुन्हा चरकात घालतो ना, तसंच. साध्या रुळावर वरची जोडी गप्प असते. मध्ये गिअर असल्यामुळे वरचे दांडे खालच्यांच्या उलट दिशेने आणि बरेच जलद पळतात. हे बघायचं तर थांबलेल्या इंजिनापाशी नाही, पुढच्या डब्यातून वळणावर मागे मान वळवून. वळणं २०८ आहेत, संधी भरपूर मिळते. ही एक्स वर्गाची इंजिनं मुळात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची. अलीकडची काही आपल्याच त्रिचीच्या गोल्डन रॉक कारखान्यात घडवलेली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी तिथे उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसते. धुराडं डब्यांकडे, म्हणजे चढाच्या बाजूला, आणि ड्रायव्हरची केबिन खाली. गाडी तिरकी झाली तरी बॉयलरमधलं पाणी सपाटच राहणार. एवढ्या चढावर तीन मीटर लांबीमागे दोन टोकांच्या पातळीत २४ सेंटिमीटरचा फरक पडतो. भट्टीचं छत पाण्याबाहेर आलं तर ते तापून वाकतं, आणि मग स्फोटाला वेळ लागत नाही. भट्टी खालच्या बाजूला असल्यामुळे चढावर तिच्या डोक्यावर पाणी उलट वाढतं. फायरमनची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवरून का हटत नाही, ते यावरून समजावं.

बरीच इंजिनं आता कोळशाऐवजी तेलावर चालतात. तेल वाफेच्या फवाऱ्याने भट्टीत उडवलं जातं. हवा कमी पडली की धुराड्यातून काळा लोट निघतो. प्रवासी टाळ्या वाजवतात, पण फायरमनच्या लेखी ती चूक असते. न जळलेली काजळी बॉयलरच्या नळ्यांमध्ये बसते, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि ऐन चढावर दाब पडायला लागतो.

जागेबद्दल सल्ला द्यायचा तर कबूल करतो, तो वयावर अवलंबून आहे. फर्स्ट क्लास सगळ्यात पुढे असतो, समोरचा डोंगर मोकळा दिसतो, धूर कमी, पण इंजिन सगळ्यात लांब. गुडघे दुखणाऱ्यांनी तो घ्यावा. मुलं असतील तर इंजिनाला लागून असलेला डबा, आणि पांढरे कपडे घरी. डब्यात शौचालय नाही. कुन्नूरपर्यंत स्टेशनांवरच काय ते. त्यामुळे मेट्टुपालयमला पोटभर कॉफी पिणाऱ्या ज्येष्ठांना वेळीच सावध करावं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात दरड कोसळून गाडी रद्द होते, तेव्हा मुलांना आधीपासून वचन देऊन ठेवू नये. दातांच्या फटीत गोटी एवढा दगड अडकला तरी चाक उचललं जाऊ शकतं, तिथे दरडीचं काय घेऊन बसलात!

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. गाडी जरा मागे जाऊन मग पुढे निघते, त्यामुळे नवखे घाबरतात. वेलिंग्टन, अरुवनकाडू, केट्टी, लव्हडेल, उटी. चहाचे मळे, छान आहेत. दाते नाहीत, चढही बराच सौम्य. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला आणि उटीपर्यंत यायला १९०८ उजाडलं. दोन वेगळ्या रेल्वेमधून प्रवास केल्यासारखं वाटतं ते काही खोटं नाही.

परतीची गाडी उटीहून दुपारी २ ला असते. बहुतेक जण टॅक्सीने उतरतात. वेळ वाचतो, पण उतरणारं इंजिन मग राहून जातं. खाली येताना ते वाफेवर चालतच नाही. उलट्या गिअरमध्ये सिलिंडर हवा दाबणारे पंप बनतात, त्या दाबाने गाडी रोखली जाते, आणि सिलिंडर तापू नयेत म्हणून आत पाणी सोडतात. सकाळचा भकभकाट नसतो, लांबलचक सुस्कारे ऐकू येतात. प्रत्येक डब्यावरचा ब्रेकमन शिटीकडे कान लावून चाक अर्धा फेरा आवळतो, पाव फेरा सोडतो, आणि कल्लारच्या अलीकडे ब्रेकच्या ठोकळ्यांचा जळका वास डब्यात भरतो.