'मदत' दाबली की भलताच ब्राउझर

तक्रार दोन ओळींची होती. "आम्ही फायरफॉक्स डिफॉल्ट ठेवलाय, पण तुमच्या सॉफ्टवेअरमधलं 'मदत' बटण दाबलं की इंटरनेट एक्सप्लोरर उघडतो."

ग्राहकाची स्क्रीन शेअर करून घेतली. मेलमधली लिंक फायरफॉक्समध्ये उघडत होती, 'रन'मध्ये टाकलेला पत्ताही तिथेच. हट्टाला पेटलं होतं ते फक्त आमचं बटण.

कोडमध्ये कारण लगेच सापडलं. आमचं फंक्शन रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, एचकेईवाय-क्लासेस-रूट या विभागाखाली 'एचटीटीपी'ची (वेब लिंकची) ओपन कमांड वाचून तिथला प्रोग्रॅम थेट चालवत होतं. विंडोज एक्सपीच्या काळात हे खपायचं. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून वापरकर्त्याची निवड त्याच्या खात्यातल्या 'यूजरचॉइस' नोंदीत जाते. जुनी नोंद मात्र तशीच पडून राहू शकते. त्यामुळे एरर काही येत नाही, उत्तर तेवढं शिळं मिळतं.

एकाने सुचवलं, इन्स्टॉलरमधून ती जुनी नोंदच बदलून टाकू. मी साफ नाही म्हटलं. आपल्या एका बटणासाठी लोकांच्या सेटिंगमध्ये हात घालायचा? असल्या उपद्व्यापांमुळेच तर विंडोज ८ पासून यूजरचॉइसला हॅशचं, म्हणजे परस्पर केलेला बदल पकडणाऱ्या पडताळणी-कोडचं, कुलूप लागलं!

मग सरळ उपाय केला: मदतीची फाइल 'शेलएक्झिक्यूट' या विंडोजच्या फाइल उघडणाऱ्या फंक्शनच्या हवाली केली, ब्राउझर विंडोजच ठरवेल. ब्राउझर बरोबर उघडला, पण मदतीचं पान नेहमी पहिल्या ओळीपासून. आमची मदत डिस्कवरच्या एचटीएमएल फाइलमध्ये असते आणि हव्या त्या भागाचं नाव पत्त्यात '#' या हॅशच्या चिन्हापुढे येतं. फाइलच्या पत्त्यातला तो तुकडा शेलएक्झिक्यूट वाटेतच गाळतं. टेस्टरच्या मशीनवर तर आणखी गंमत. तिथे एचटीएमएल फाइल्स टेक्स्ट एडिटरला जोडलेल्या होत्या, त्यामुळे मदतीऐवजी टॅगच टॅग दिसले. वेब लिंकचा डिफॉल्ट आणि एचटीएमएल फाइलचा डिफॉल्ट या दोन स्वतंत्र सेटिंग्ज आहेत, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

जुन्या कमिटची, म्हणजे कोडमधल्या त्या जुन्या बदलासोबत लिहिलेली, नोंद तेव्हा कुठे वाचली: "शेलएक्झिक्यूट नको, पानातली जागा हरवते." म्हणजे लिहिणाऱ्याला दुखणं नेमकं कळलं होतं, औषध तेवढं त्याच्या काळातलं होतं.

शेवटी 'असॉकक्वेरीस्ट्रिंग' हे विंडोजचंच दुसरं फंक्शन वापरलं. 'एचटीटीपी'साठी सध्या कोणता प्रोग्रॅम निवडलाय, हे ते विंडोजलाच विचारतं आणि यूजरचॉइसही जमेस धरतं. मिळालेल्या ब्राउझरला आम्ही हॅशपुढच्या तुकड्यासकट पूर्ण पत्ता देतो. उत्तर रिकामं आलं तर पुन्हा शेलएक्झिक्यूट. त्या वेळी पान वरूनच उघडतं, आणि ते आम्ही चालवून घेतलं.