आधी दिसली, मग ऐकू आली: दीपिका पदुकोण

दीपिका पदुकोणचा 'ओम शांती ओम' 9 नोव्हेंबर 2007 रोजी, ऐन दिवाळीत लागला. तो पुन्हा बघणार असाल तर तिच्या, म्हणजे शांतिप्रिया या पात्राच्या, एखाद्या संवादाच्या वेळी पडद्याकडे न बघता नुसतं ऐका. तो आवाज दीपिकाचा नाही, मोना घोष शेट्टी या डबिंग कलाकाराचा आहे. चेहरा, चाल, मान वळवण्याची ढब एकीची आणि बोलणं दुसरीचं. पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार दीपिकाला मिळाला आणि माझ्या मते तो योग्यच होता, कारण त्या भूमिकेत जे दिसायला हवं होतं ते तिने चोख दिलं. पण ती पडद्यावर आधी दिसली आणि खऱ्या अर्थाने ऐकू यायला काही वर्षं लागली. त्या वर्षांत नेमकं काय घडलं, त्याबद्दल लिहायचं आहे.

आधीचा भाग थोडक्यात. जन्म 5 जानेवारी 1986, कोपनहेगन. वडील प्रकाश पदुकोण, 1980 सालचे ऑल इंग्लंड बॅडमिंटन विजेते. घरची भाषा कोकणी, वाढली बंगळुरूत. राष्ट्रीय पातळीवर बॅडमिंटन खेळली, दहावीच्या सुमारास ते सोडून मॉडेलिंगकडे वळली. फॅशन क्षेत्रातल्या प्रसाद बिदप्पांच्या हाताखाली सुरुवात, लिरिल साबणाची जाहिरात, 2005मध्ये लॅक्मे फॅशन वीकमध्ये डिझायनर सुनीत वर्मांसाठी रॅम्प, 2006चं किंगफिशर कॅलेंडर, हिमेश रेशमियाच्या 'नाम है तेरा' गाण्याचा व्हिडिओ. त्याच वर्षी 'ऐश्वर्या' हा कन्नड सिनेमा. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आणि मलायका अरोरा यांच्यामार्फत नाव 'ओम शांती ओम'ची दिग्दर्शक फराह खानपर्यंत पोचलं. मधल्या काळात अनुपम खेर यांच्या अभिनयशाळेत प्रशिक्षणही झालं.

आता मूळ मुद्दा. मॉडेलला कॅमेऱ्याची भीती नसते, उजेड कुठून येतोय हे तिला न सांगता कळतं, तासन्‌तास मेकअपमध्ये बसायची सवय असते. हे भांडवल मोठं आहे आणि 'मॉडेल आहे, अभिनय काय येणार' असं म्हणणारे ते विसरतात. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. फोटोच्या शूटमध्ये शंभर फ्रेम काढून त्यातली एक निवडता येते. दोन पोझच्या मधला चेहरा कुणाला दिसत नाही. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम जातात आणि टेक ओके झाला की मधल्या सगळ्या तशाच राहतात. एका सुंदर कोनातून दुसऱ्या सुंदर कोनात जाताना चेहऱ्यावर काहीच घडत नसेल, तर ते रिकामेपण पडद्यावर वीस फूट मोठं होऊन दिसतं. नवख्या मॉडेलचं काम 'थंड' वाटतं त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण श्वास. पोझ धरताना पोट आत घेऊन श्वास रोखायची सवय लागलेली असते. तसंच उभं राहून संवाद बोलला की आवाज छातीतून न येता गळ्यातून येतो, पट्टी वर चढते, वाक्याचा शेवट विरून जातो. दिग्दर्शक 'जोरात बोल' म्हणतो आणि आवाज आणखी पातळ होतो, कारण उणीव जोराची नसतेच. खांदे सोडून, श्वास खाली घेऊन बोलायला शिकण्यात महिने जातात.

तिसरं, चाल. रॅम्पवर एका रेषेत पाऊल टाकायचं, नजर लोकांच्या डोक्यावरून न्यायची, चेहरा कोरा ठेवायचा. तिथे कपडा महत्त्वाचा असतो, माणूस त्याच्या मागे. पात्राची चाल नेमकी उलटी. घाईत आहे, चिडली आहे, घरात अनवाणी आहे, तसं पाऊल बदलायला हवं. आणि जमिनीवर चिकटवलेल्या मार्कवर खाली न बघता थांबायलाही हवं, नाहीतर फोकस जातो. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल पुढच्या शॉटशी जुळणं, वेगळीच. पूर्ण प्रसंग दाखवणाऱ्या मास्टर शॉटमध्ये ज्या शब्दावर कप उचलला, त्याच शब्दावर तो मिड शॉटमध्ये आणि क्लोजअपमध्ये उचलावा लागतो, नाहीतर एडिटरला कापायला जागा मिळत नाही आणि अभिनेत्रीचा सगळ्यात चांगला टेक टाकून द्यावा लागतो. नवीन कलाकारांचं चांगलं काम कितीदा तरी असंच वाया जातं.

हे सगळं ध्यानात ठेवून 'ओम शांती ओम' बघितला की फराह खानची हुशारी कळते. शांतिप्रिया ही सत्तरच्या दशकातली नटी आहे, म्हणजे पोझ हाच तिचा स्वभाव. मंद चालीत येणं, हात हलवणं, पापणी सावकाश उचलणं. मॉडेलचं जे अंगवळणी पडलेलं असतं ते इथे दोष न राहता व्यक्तिरेखा होतं. या भूमिकेसाठी दीपिकाने हेलन आणि हेमा मालिनी यांचे सिनेमे पाहून त्यांची देहबोली अभ्यासली होती. 'धूम ताना' गाण्यात तिला सुनील दत्त, राजेश खन्ना, जितेंद्र यांच्या जुन्या चित्रफितींसोबत जोडलं आहे. समोर माणूस नसताना नेमक्या उंचीवर नजर देणं, ठरलेल्या क्षणी मान वळवणं, हे काम तासन्‌तास फोटोग्राफरसमोर उभं राहिलेल्या मुलीला चांगलं जमतं. आणि जमलंच.

राहिला आवाज. डबिंगमध्ये प्रसंगाचे काही सेकंदांचे तुकडे करतात, त्यांना लूप म्हणतात. हेडफोनमध्ये शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज, म्हणजे पायलट ट्रॅक, समोर चित्र, आणि चित्रातले ओठ हलतात त्याच क्षणी शब्द सुरू व्हायला हवा. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, त्यामुळे तिथे चूक लगेच पकडली जाते. बाकी अक्षरं थोडी सरकली तरी खपतात. कठीण भाग हा, की सेटवर पळत, रडत, वाऱ्यात म्हटलेलं वाक्य आता बंद खोलीत, माइकसमोर न हलता, त्याच धापेसह म्हणायचं असतं. ज्या मुलीला सेटवरच श्वास सापडलेला नाही तिला तो या खोलीत कुठून सापडणार? शिवाय डबिंग शेवटी होतं, रिलीजची तारीख डोक्यावर असते. म्हणून निर्माते तयार आवाज घेतात. यात त्या नटीचा अपमान नसतो. पण उसन्या आवाजावर हिट झालेल्या नटीला पुढच्या सिनेमात स्वतःच्या आवाजाने सुरुवात करावी लागते आणि प्रेक्षकाला तो आधी परकाच वाटतो.

2008 ते 2011 हा काळ म्हणूनच विस्कळीत आहे. 'लव आज कल'मध्ये इम्तियाज अलीने तिच्याकडून साधं, घरगुती बोलणं काढून घेतलं, ते चांगलं होतं. 'चांदनी चौक टू चायना'त दुहेरी भूमिका, 'लफंगे परिंदे'मध्ये अंध स्केटर. मेहनत दोन्हीकडे उघड दिसते, खेळाडूचं शरीर कामाला येतं, पण संवाद आला की पात्र मागे सरकतं. 2010 या एका वर्षात पाच सिनेमे आले. इतक्या वेगात एखादी गोष्ट मुरायला वेळच मिळत नाही.

मग 2012चा 'कॉकटेल'. दिग्दर्शक होमी अदजानिया. दीपिकाला आधी मीराची भूमिका देऊ केली होती, म्हणजे साधी, सोज्वळ मुलगी. तिने व्हेरोनिका घेतली. वरवर बघता व्हेरोनिका मॉडेलला सोपी: छोटे कपडे, क्लब, बेफिकिरी. पण तिची बेफिकिरी खोटी आहे आणि ती फुटताना दाखवायची आहे. आपल्याला कुणी निवडलेलं नाही हे कळल्यानंतर ती मोडते, तेव्हा दीपिका पहिल्यांदा कुरूप दिसायला तयार होते. चेहरा वाकडा होतो, आवाज फाटतो, वाक्य मध्येच तुटतं. दोन पोझच्या मधल्या ज्या फ्रेम मॉडेल फेकून देते, त्याच तिने इथे प्रेक्षकांसमोर ठेवल्या. तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय कोणता असं विचारलं तर मी हाच सांगेन. 'ओम शांती ओम' तिला मिळाला होता, व्हेरोनिका तिने निवडली.

2013 साली त्याचं पीक आलं. 'ये जवानी है दीवानी', 'चेन्नई एक्सप्रेस', 'गोलियों की रासलीला राम-लीला' एकाच वर्षात. 'चेन्नई एक्सप्रेस'मधल्या मीनाम्माच्या तमिळ वळणाच्या हिंदीवर आक्षेप घेतले गेले आणि ते वळण ठोकळेबाज आहे हे मलाही मान्य आहे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी: सहा वर्षांपूर्वी जिचा आवाज बदलावा लागला होता तिच्या बोलण्यावर आता विनोद उभे राहत होते, आणि ते वेळेवर पडत होते. 'राम-लीला'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला.

अशा यशाच्या काळातच, 2014मध्ये, तिला नैराश्याने गाठलं. पुढच्या वर्षी ती त्याबद्दल उघडपणे बोलली आणि 'लिव्ह लव्ह लाफ' ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. ज्या व्यवसायात रोज चेहरा टवटवीत दाखवायचा असतो त्यात राहून हे बोलायला किती धैर्य लागतं, याची कल्पना बाहेरून येणं कठीण आहे.

8 मे 2015चा 'पिकू' हे तिचं सर्वोत्तम काम. लेखन जुही चतुर्वेदी, दिग्दर्शन शूजित सरकार, वडील अमिताभ बच्चन, सोबत इरफान. विषय बद्धकोष्ठाचा आणि दिल्ली ते कोलकाता मोटारप्रवासाचा. या सिनेमात माणसं एकमेकांच्या वाक्यांवर बोलतात. ते दिसतं तितकं सोपं नाही. समोरच्याचं वाक्य संपायची वाट न बघता मध्ये घुसायचं, पण त्याचा महत्त्वाचा शब्द झाकला जाता कामा नये. यासाठी स्वतःची ओळ पाठ असून भागत नाही, समोरचं ऐकावं लागतं. पिकूचा वैताग बघा: ती क्वचितच ओरडते, बहुतेक वेळा वाक्य अर्धं सोडून कामाला लागते. जेवणाच्या टेबलावर वडिलांशी वाद चालू असताना हात चालूच असतात. चेहरा 'लागावा' म्हणून ती कुठेही थांबत नाही. आणि इरफानसमोर ती कुठेच फिकी पडत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. तिला पुन्हा फिल्मफेअर मिळाला.

त्याच वर्षअखेर 'बाजीराव मस्तानी'. आपल्याकडे चर्चा जास्त झाली ती 'पिंगा' या गाण्याची. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, यावर पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला होता. तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण तो पटकथेवरचा आक्षेप आहे, दीपिकाच्या कामावरचा नाही. मस्तानीसाठी तिने घोडेस्वारी, तलवार आणि कलरीपयट्टू या केरळी युद्धकलेचं प्रशिक्षण घेतलं. दिग्दर्शक भन्साळींच्या चौकटीत जड पोशाख, दिव्यांची आरास, लांब शॉट असतात, त्यात नट वस्तूसारखा हरवतो. तिथे रॅम्पची शिस्त कामी आली: जड कपडा अंगावर बाळगायचा कसा हे तिला ठाऊक होतं, आणि आता त्या कपड्याच्या आतून बोलायचं कसं हेही.

'छपाक' (2020) पैशाच्या हिशेबात पडला, पण या लेखाच्या विषयाशी त्याचं नातं घट्ट आहे. मेघना गुलजारचं दिग्दर्शन, दीपिकाच्या 'का प्रॉडक्शन्स'ची पहिली निर्मिती, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या आयुष्यावर बेतलेली मालती. प्रोस्थेटिक मेकअपमध्ये चेहऱ्यावर पातळ साच्यांचे थर चिकटवतात. त्याखाली गालाचे, ओठांचे, भुवयांचे स्नायू हलले तरी वर फारसं उमटत नाही. नेहमीइतकं हललं तर काहीच दिसत नाही, जास्त हललं तर थराच्या कडा सुटतात. मग उरतात डोळे, मान आणि आवाज. जिची ओळखच चेहऱ्याने झाली तिने स्वतःचे पैसे घालून चेहराच झाकून टाकला, आणि मालती कळते ती मुख्यतः तिच्या बोलण्यातून, मध्येच येणाऱ्या खळखळत्या हसण्यातून.

त्यानंतर 'गहराइयां'मध्ये (2022) तिने बोलण्याची पट्टी आणखी खाली आणली. त्या सिनेमात जवळिकीच्या प्रसंगांसाठी दार गाई या वेगळ्या दिग्दर्शक होत्या, म्हणजे कोणता स्पर्श कधी, कुठे, हे नाचाच्या स्टेप्ससारखं आधी बसवलेलं. आपल्याकडे ही पद्धत जितकी रुळेल तितकं बरं. मग 'पठान', 'जवान', 'फायटर', 'कल्की 2898 एडी', 'सिंघम अगेन' अशी मोठ्या पडद्याची, मोठ्या आवाजाची रांग लागली. 'जवान'मधली छोटी भूमिका सोडली तर त्यात तिच्याकडे मागणी पुन्हा दिसण्याचीच जास्त आहे. 'पिकू'नंतर तिला पूर्ण लांबीची, घरगुती, बडबडी विनोदी भूमिका कुणी दिलेली नाही. एखाद्या लेखकाने ती लिहावी, लवकर लिहावी, आणि त्यात तिला भरपूर संवाद द्यावेत.