तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बंद पडलेल्या खेळात असं आहे तरी काय?

"या खेळाचं छापील पुस्तक मिळत नाही, खेळायला चार डोकी जमत नाहीत, तरी काका, तुम्ही त्यालाच का धरून बसलात?" नाशिकच्या कॉलेज रोडला शनिवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जमणारी पोरं हे मला दर भेटीत विचारतात. कंपनीतलेही विचारतात, जरा वेगळ्या सुरात. बायको विचारत नाही. तिने आपल्यापुरतं उत्तर ठरवून टाकलंय आणि ते मला सांगितलेलं नाही. आजवर मी हसून विषय बदलत आलो. आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी "वाचा" म्हणून मोकळं होता येईल.

खेळ म्हणजे 'कॅसल फाल्केनस्टाइन'. 1994 सालचा, आर. टॅल्सोरियन गेम्सने काढलेला, माइक पाँडस्मिथचा. ज्याच्या 'सायबरपंक'वरून निघालेला 'सायबरपंक 2077' हा व्हिडिओ गेम तुम्ही रात्र-रात्र जागून खेळलात, तोच हा माणूस. रोलप्लेइंग कशाशी खातात, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापल्या पात्राच्या तोंडून गोष्ट कशी पुढे न्यायची, हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ते सोडतो.

एक गैरसमज आधी काढतो. मला वाफेच्या यंत्रांचं आणि पितळी गॉगलचं वेड आहे, असं लोक धरून चालतात. नाही हो. यंत्रं मी सातपूरला रोज बघतो. बॉयलरचा गळका व्हॉल्व्ह बदलायला शिफ्ट संपल्यावर थांबलेल्या माणसाला लखलखीत चाकांच्या चित्रांनी काही होत नाही. विमानं, तोफा, बुटक्या कारागिरांनी बनवलेली इंजिनं हे सगळं या पुस्तकात आहे आणि छान आहे. पण तेवढंच असतं तर मी ते कधीच रद्दीत दिलं असतं.

मला धरून ठेवलं ते पत्त्यांनी. या खेळात फासे नाहीत. गोष्ट 1870च्या दशकातल्या, पण आपल्या नव्हे अशा एका युरोपात घडते आणि पुस्तकाचं म्हणणं असं की फासे हे हलक्या लोकांचं काम, सभ्य माणसं पत्ते खेळतात. आमच्याकडे नेमकं उलटं! फासे खुद्द धर्मराजाने टाकले आणि पत्ते मात्र रिकामटेकड्यांनी कुटायचे. आई मे महिन्यात मेंढीकोटला परवानगी द्यायची, तीही दुपारी झोपमोड होणार नसेल तर. त्यामुळे टेबलावर पत्त्यांचा जोड ठेवून "आता म्युनिकला जाऊ" म्हणण्यात मला पहिल्यापासून एक चोरटी मजा वाटली.

आणि नियम बघा किती साधा. बदाम म्हणजे भावनेची कामं, चौकट म्हणजे डोक्याची, किलवर म्हणजे अंगाची, इस्पिक म्हणजे समाजातल्या पत-प्रतिष्ठेची. हातात चार पानं. भिंत चढायची असेल आणि हातात किलवर नसेल तर दुसरं कुठलंही पान टाका, पण त्याची किंमत एक; मग तो बदामाचा राजा का असेना. त्यामुळे माणूस थांबायला शिकतो. किलवरची दश्शी आत्ता खर्च करू की ठेवू? मारामारी टाळून बोलून काम होईल का? फासा टाकला की तुमचं काम संपलं. इथे हार तुमच्या हातात आधीपासून दिसत असते आणि तिच्याशी तुम्हाला बोलावं लागतं. जादूगाराचं तर आणखीच भारी. तो वेगळ्या जोडातून एकेक पान ओढत बसतो, मंत्राला लागेल तेवढी शक्ती जमेपर्यंत. घाई केली आणि नको त्या रंगाचं पान मिसळलं तर मंत्र सुटतो, पण वाकडा सुटतो.

मग तो राजा. बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी त्या जर्मन राज्याचा, दुसरा लुडविग. खऱ्या इतिहासात त्याने 1880च्या दशकात फाल्केनस्टाइनची पडकी गढी विकत घेतली, तिथे स्वप्नातला किल्ला बांधायला. वर जायला रस्ता झाला, पाणी आलं आणि 13 जून 1886 ला राजा तळ्यात मेलेला सापडला. किल्ला कागदावरच राहिला. खेळात तो राजा जिवंत आहे, किल्ला उभा आहे आणि समोर प्रशियाचा बिस्मार्क दात-ओठ खातोय. एवढ्याचसाठी? हो, एवढ्यासाठीही. नाशिक रोड स्टेशनवरून गावात एके काळी घोड्यांची ट्राम यायची, हे सांगितलं तर आज लोकांना थाप वाटते. ती चालू राहिली असती तर मेन रोड कसा दिसला असता, या विचारात मी सिग्नलला मागच्याचे हॉर्न खाल्लेत. ज्यांना हा रोग नाही त्यांना समजावण्यात अर्थ नाही.

आणि डायरी. या खेळात पात्राचा आकड्यांचा तक्ता भरायचा नसतो, पात्राची डायरी लिहायची असते. आता मला त्या डायरीकडेच यायचंय. जे विचारतात त्यांच्यातल्या दोघांना अर्धवट काहीतरी माहीत आहे आणि ते चुकीचं माहीत आहे.

2000 नंतरची सुरुवातीची वर्षं. इंदिरानगरला आमच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही खेळायचो. मी होस्ट, म्हणजे गोष्ट चालवणारा. खेळणारे चौघं, त्यातला एक माझा डिप्लोमापासूनचा मित्र. बाकीच्यांनी डायरीत दोन-चार ओळी खरडल्या होत्या. त्याने दोनशेपानी वही आणली. त्याचं पात्र म्हणजे इगतपुरीच्या लोको शेडमधला फिटर. थळ घाटातली रेल्वे 1865 ची, म्हणजे काळ बरोबर जुळत होता. चढाला गाडीला जोडायच्या इंजिनांवर काम करणारा हा माणूस एका बव्हेरियन कारागिराच्या नजरेत भरतो आणि म्युनिकला जातो. वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर निळ्या बॉलपेनने लिहिलंय: "आज साहेबाला कळलं की इंजिन बोलतं. मला आधीपासून माहीत होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं." इतकी वर्षं झाली, मला असं एक वाक्य जमलेलं नाही.

पात्राचं नाव लिहिलं होतं. आडनाव नव्हतं. मी एकदा म्हटलंही होतं की ते भर. तो म्हणाला, "बघू."

त्या रात्री गोष्ट राजवाड्यातल्या नाचाच्या समारंभापर्यंत आली. दारात चोपदार. तिघं आत गेले. फिटर पुढे आला आणि मी चोपदाराच्या आवाजात, चांगला घसा खाकरून विचारलं, "आपण कुठल्या घराण्यातले?" इस्पिकचं काम. त्याने हातातली पानं उघडी करून टेबलावर मांडली, सगळ्यांना दिसतील अशी. इस्पिकचा राजा होता. नव्वी होती. आणखी दोन चौकट.

"पानं आहेत की तुझ्याकडे. टाक ना," मी म्हटलं.

"टाकून काय सांगू?"

"काहीही सांग. एखादं घराणं रच. मुभा आहे."

"म्हणजे खोटं सांगू."

"अरे, खेळच खोटा आहे."

"माझा आजोबा काळारामाच्या दारात बसला होता," तो म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "त्यालाही हेच विचारलं होतं. तू मला परत दारात उभं केलंस आणि वर सांगतोस, राजा आहे हातात, टाक."

तिसऱ्याने "चला ना पुढे, एवढं काय" म्हटलं आणि होतं नव्हतं तेही गेलं. मित्राने वही टेबलावर ठेवली, हेल्मेट उचललं, सकाळी पहिली पाळी आहे म्हणाला. जिना उतरताना माझ्या आईला "येतो काकू" म्हणून गेला. पुन्हा तो त्या खोलीत खेळायला आला नाही.

त्या रात्री मी माझ्याशीच जो युक्तिवाद केला, तो मला तोंडपाठ आहे. प्रश्न सगळ्यांनाच विचारला होता. नियम पुस्तकातला होता, माझा नव्हता. आणि मुख्य म्हणजे दार उघडणारच होतं. त्याच्या पानांची बेरीज पुरेशी होती! हे शेवटचं वाक्य मी कित्येक वर्षं ढालीसारखं वापरलं. आता त्या गच्चीवरच्या मला विचारावंसं वाटतं की बाबा रे, 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांबरोबर आलेली माणसं कमी होती का? हजारोंनी होती. पंचवटीत वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला. दार उघडलं का? नाशकात माझं आडनाव ऐकून कुठलं दार अडल्याचं मला आठवत नाही, म्हणूनच मला बेरीज पुरेशी वाटत होती.

पण थांबा, एवढ्यावरून खेळच नासका आहे असं कुणी म्हणणार असेल तर मी भांडेन. तलवारीला किती आणि ढालीला किती असले आकडे भरायला लावणाऱ्या कुठल्या खेळाने त्याच्याकडून ती वही लिहून घेतली असती? ती मागितली याच खेळाने. शिष्टाचार, मान, अब्रू, कुणी कुणाला आधी नमस्कार करायचा, या गोष्टींना हा खेळ तलवारीइतकं धारदार मानतो, म्हणून तर तो मला आवडतो. आणि म्हणूनच त्या रात्री तो लागला. यातलं एक ठेवून दुसरं फेकता येईल असं मला दिसत नाही.

मित्र मित्रच आहे. दिवाळीला येतो. एकदा विषय निघाला तेव्हा म्हणाला, "इस्पिक काढून टाक ना जोडातून." मी खरंच काढून बघितलं. न आमंत्रणं, न उधारी, न वशिला, न कुणाची बदनामी. म्युनिकचं गोडाऊन झालं. मी इस्पिक परत घातलं आणि त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग? मी वेगळं काय म्हणत होतो?" यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. वही परत देऊ केली तर म्हणाला, "असू दे तुझ्याकडे."

तुमच्यातले काही आणखी एक खोचक प्रश्न विचारतात: ज्या गावात 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळी चालली, तिथल्या माणसाला व्हिक्टोरिया राणीच्या काळाचं कसलं कौतुक? राणीचं नाही. या पुस्तकात इंग्लंड कारखानदार स्टीम लॉर्डांच्या मुठीत आहे आणि गोष्टीचा जीव बव्हेरियात आहे. पण खरं सांगायचं तर पुस्तकाची नजर युरोपावरून हलत नाही. ते झुंबरांचं वैभव कुणाच्या जिवावर, हे विचारायला इगतपुरीचा फिटर लागतो आणि तो पुस्तकात नव्हता. तो आमच्या वहीत होता.

राहिला शेवटचा प्रश्न: प्रत वाचायला द्याल का? नाही. पीडीएफ विकत मिळते, ती घ्या. खेळायचं असेल तर रविवारी दुपारी या, जेवून या, पत्त्यांचे दोन जोड आणि एक कोरी वही आणा. इस्पिक जोडात असेल, हे आधीच सांगून ठेवतो.