यासच्या रांगेत ढकललेली एम५

तिसरं पेडल नाही म्हणजे गाडी ऑटोमॅटिक, असं समजणारी गिऱ्हाइकं आमच्या धंद्यात रोज भेटतात. दुबईत अल क्वोझला एका गॅरेजमध्ये मी गिअरबॉक्सचं काम करतो. त्या आठवड्यात एक अमिराती पोरगा जुनी बीएमडब्ल्यू एम५ घेऊन आला. ही ई६० म्हणजे २००५ च्या सुमाराची पिढी, पाच लिटरचं व्ही१० इंजिन, ५०७ हॉर्सपॉवर, ८२५० आरपीएमपर्यंत फिरणारं. तक्रार एकच. "रफीक, लाँच कंट्रोल काम नहीं करता." लाँच कंट्रोल म्हणजे उभी गाडी पूर्ण जोरात सोडण्याची, क्लच आणि आरपीएम स्वतः सांभाळणारी सोय.

या गाडीतला एसएमजी गिअरबॉक्स मुळात साधा मॅन्युअलच. सात गिअर, एकच कोरडा क्लच. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि एक कंट्रोल युनिट करतं. आपल्याकडे २०१४ ला मारुतीची सेलेरिओ आली, तिच्या एएमटीतही, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या मॅन्युअलमध्येही, तत्त्व हेच. ताकद आणि वेग तेवढा वेगळा. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो इथे नाही, त्यामुळे ब्रेक सोडला म्हणून एम५ पुढे सरकत नाही. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागला की क्लच घासत घासत बसायला लागतो.

कॉम्प्युटर लावला, दोष एकही नाही. खरी गोष्ट निघाली ती वेगळीच. ही गाडी दर वेळी ४०० हॉर्सपॉवरवरच सुरू होते. पॉवरचं बटण दाबलं तरच पुढचे शंभर मिळतात. ते त्याला ठाऊक नव्हतं. लाँच कंट्रोलच्याही अटी आहेत: इंजिन तापलेलं, डीएससी (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) पूर्ण बंद, एस मोड (गिअर हाताने बदलायचा), शिफ्टचा प्रोग्रॅम सहावर, म्हणजे सगळ्यात झपाट्याचा. मग उभ्या गाडीत लिव्हर पुढे ढकलून धरायचा, अ‍ॅक्सिलरेटर तळाला न्यायचा, आरपीएम इंजिन स्वतः धरून ठेवतं. लिव्हर सोडला की सुटली. हा पठ्ठ्या डीएससी चालूच ठेवून लिव्हर ओढत होता, आणि तोही मागे.

शिकवलं तर म्हणाला, शुक्रवारी अबुधाबीच्या यास मरीना रेस ट्रॅकवर ड्रॅग नाइट आहे, सरळ पाव मैलाची शर्यत, तूही चल. फोरमन म्हणाला जा, ओव्हरटाइम लावतो. मग काय!

अबुधाबीला पोचलो तेव्हा रांग लांब होती. माझं लक्ष त्याच्या उजव्या पायाकडे. पुढची गाडी हातभर सरकली की हाही सरके, अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करून. म्हणजे क्लच पूर्ण बसतच नव्हता, नुसता घासत होता. थोड्या वेळात वास आला. गिअरबॉक्सवाल्याला तो वास ओळखायला नाक लागत नाही, पोटात कळतो. शर्यतीआधीच क्लच भाजला तर सुरुवातीच्या दिव्यांखाली पोचून करणार काय?

"अरबाब, इंजिन बंद. न्यूट्रल डालो," मी म्हणालो. अरबाब म्हणजे इथे मालक.

एसएमजीत पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, नसतो. गाडी गिअरमध्येच उभी करतात, म्हणून आधी ब्रेक दाबून, इग्निशन चालू ठेवून न्यूट्रल घ्यावा लागतो. मग मी आणि आमचा पेशावरचा हेल्पर, दोघांनी ते अठराशे किलोचं धूड हाताने ढकलायला सुरुवात केली. शेजारच्या रांगेतली पोरं मोबाइल काढून हसत होती. एकाने विचारलं, पेट्रोल संपलं का? आमचा पोरगा आत बसून लाल झालेला. पण पुढच्या प्रत्येक वेळी इंजिन बंदच राहिलं, हे महत्त्वाचं.

पहिली धाव त्याने हट्टाने लाँच कंट्रोलवर केली. हिरवा दिवा, लिव्हर सुटला, मागची चाकं जागेवरच फिरली आणि धुरात गाडी दिसेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेळेच्या चिठ्ठीवर मात्र पहिल्या साठ फुटांना २.४ सेकंद, पाव मैलाला १३.५. साध्या रस्त्याच्या टायरवर ५२० न्यूटन-मीटर असे एकदम सोडले की दुसरं काय होणार? लाँच कंट्रोलला क्लच किती झपाट्याने बंद करायचा ते ठाऊक असतं. टायर किती जुने आहेत ते नसतं. मला विचाराल तर ती सोय बघणाऱ्यांसाठी जास्त आहे.

क्लच निवायला गाडी बराच वेळ उभी ठेवली. दुसऱ्या धावेला त्याला सांगितलं, लिव्हरला हात लावू नकोस. एस मोड, पॉवर पूर्ण. हिरवा लागला की अ‍ॅक्सिलरेटर तिसरा हिस्सा दाब, घट्ट धर, गाडीने पकड घेतल्याचा झटका पाठीला जाणवेपर्यंत थांब. क्लच बसला की मग तळाला. कचरू नकोस, अर्धवट सोडू नकोस. पाय मागेपुढे झाला की कंट्रोल युनिटही क्लच मागेपुढे करतं.

चाकं किंचित किंचाळली, बस. धूर नाही, टाळ्या नाहीत. साठ फूट २.१, पाव मैल १२.९.

पोरगा चिठ्ठी घेऊन धावत आला, मला आणि हेल्परला मिठी मारली. दोस्ताची गाडी १३.१ ला आली होती, तिला हरवलं याचा आनंद आकड्यापेक्षा मोठा.

रविवारी गिअरबॉक्स उतरवला. क्लचची प्लेट झिजून रिव्हेटपर्यंत आलेली, ती जिच्यावर घासते त्या फ्लायव्हीलच्या चकतीवर तापून पडलेले निळे डाग. फोरमनने क्लच, फ्लायव्हील, मजुरी, वर कॉम्प्युटरने क्लचची पकड नव्याने शिकवण्याचे पैसे असं एस्टिमेट काढलं. पोराने कागद नीट वाचला, मान डोलावली, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "रफीक, नया क्लच लगेगा, फिर एक बार लाँच कंट्रोल कर सकता ना? सिर्फ वीडियो के लिए."

फोरमनने ते ऐकलं आणि एस्टिमेटखाली पेनाने एक ओळ वाढवली: क्लचला वॉरंटी नाही.